शिट्ट्या नकोत, मिनिटं मोजा: कुकरमध्ये घरचं चिकन रामेन

वरणभाताला तीन, हरभऱ्याला सहा, मटणाला आठ. आपल्या स्वयंपाकघरात कुकरचं घड्याळ म्हणजे शिट्टी. मी पहिल्यांदा रामेनचं (रामेन म्हणजे गरम सुपातल्या जपानी शेवया) सूप कुकरला लावलं तेव्हा हाच हिशेब धरला आणि मोजून आठ शिट्ट्या काढल्या. झाकण उघडलं तर आत राखाडी, गढूळ पाणी आणि तळाशी हाडांचा चुरा. चव वाईट नव्हती, पण मसाला घालायचा राहून गेलेल्या रश्शासारखी लागत होती. बहीण तेव्हा जपानमध्ये, नागोयात राहत होती. तिनं व्हिडिओ कॉलवर पातेलं पाहिलं आणि एकच प्रश्न विचारला, "ताई, शिट्ट्या काढल्यास ना?"

तिच्या कुकरला शिट्टीच नव्हती. दाब आला की ती गॅस बारीक करायची आणि मिनिटं लावून दुसऱ्या कामाला लागायची. सगळा फरक तिथेच होता. त्यानंतर गेली काही वर्षं मी आपल्या नेहमीच्या, शिट्टीवाल्या पाच लिटरच्या कुकरमध्येच हे सूप करते आहे. हा लेख रामेन कधीच न केलेल्यांसाठी आहे. ओव्हन नसला, जपानी दुकान जवळ नसलं तरी चालतं. एक मोकळा रविवार आणि कोंबडीची हाडं मात्र हवीत.

शिट्टी झाली की आत काय होतं

उघड्या पातेल्यात पाणी १०० अंशांना उकळतं. कुकरमध्ये दाब चढल्यामुळे तेच पाणी साधारण १२० अंशांपर्यंत तापतं. कोंबडीच्या सांध्यांत, पंजांत आणि कातडीत कोलॅजन नावाचं प्रथिन असतं. ते विरघळून त्याचं जिलेटिन होतं आणि त्यानंच सूपला अंग येतं, म्हणजे पिऊन झाल्यावर ओठ एकमेकांना किंचित चिकटतात. पातेल्यात यायला पाच-सहा तास लागतात ते कुकरमध्ये तासाभरात जमतं.

आता गंमत अशी, की दाब स्थिर असेल तोवर कुकरमधलं पाणी खळखळत नाही. ते कमालीचं तापलेलं असतं, पण शांत असतं. शिट्टी उडाली की वाफ बाहेर पडते, दाब एकदम घसरतो आणि ते तापलेलं पाणी तळापासून उसळतं. या घुसळणीत चरबीचे बारीक बारीक कण होतात आणि सूपमध्ये मिसळून जातात. वर येऊन बाजूला होणारी मळीसुद्धा पुन्हा त्यातच कालवली जाते. डाळीला याचा फायदाच होतो. नितळ सूपला नाही.

जपानमध्ये दोन्ही तऱ्हेची सूपं चालतात. नितळ सुपाला चिंतान म्हणतात, दुधासारख्या पांढऱ्या दाट सुपाला पाइतान. दोन्ही शब्द मूळचे चिनी, जसं रामेन स्वतःही चिनी शेवयांवरून आलेलं. १९१० मध्ये टोकियोच्या आसाकुसा भागात रायराइकेन नावाचं दुकान सुरू झालं. योकोहामाच्या कस्टम खात्यातली नोकरी सोडून आलेल्या ओझाकी कान्इची यांनी चिनी आचारी ठेवून ते चालवलं आणि तिथून हा पदार्थ टोकियोच्या सामान्य माणसाच्या जेवणात रुळला. सोया सॉसवरचं नितळ सूप ही टोकियोची ओळख. नवख्यानं इथूनच सुरुवात करावी असं मला ठामपणे वाटतं. पांढऱ्या सुपात चुका झाकल्या जातात, नितळ सुपात त्या दिसतात. दिसल्या की सुधारतात.

वाडग्याचा हिशेब

रामेनचा एक वाडगा म्हणजे पाच वेगवेगळ्या गोष्टी: सूप, तारे, सुगंधी तेल, शेवया आणि वरचं सजावटीचं. यांतली सगळ्यात महत्त्वाची आणि आपल्याला सगळ्यात अनोळखी गोष्ट म्हणजे तारे. तारे हा खारट, दाट अर्क. सुपात मीठ घालायचंच नाही, एक चिमूटभरसुद्धा नाही. सगळा खारटपणा तारेमधून येतो आणि तो वाडग्यात, वाढताना घालायचा. आपण रस्सा करताना चाखत चाखत मीठ घालतो, त्यामुळे ही सवय मोडायला वेळ लागतो. पण एकच सूप असलं की मुलांच्या वाडग्यात कमी, आपल्या वाडग्यात जास्त असं करता येतं, आणि उरलेलं अळणी सूप दुसऱ्या दिवशी कशालाही वापरता येतं.

तारे सोया सॉसचं असलं की त्या रामेनला शोयू म्हणायचं, मिठाचं असलं की शिओ. आपण शोयू करू.

चिकनच्या दुकानात

चार वाडग्यांसाठी एक किलो हाडं लागतात: पाठ, मान, पंखांची टोकं. शिवाय सहा ते आठ पंजे. आणि पाव किलो कातडी.

कातडी मागावी लागते. आपल्याकडे कोंबडी सोलूनच विकतात, कातडी बाजूच्या बादलीत जाते. आमच्या कोपऱ्यावरच्या चिकनवाल्या भाऊंनी पहिल्यांदा विचारलं होतं, "ताई, कुत्र्यासाठी का?" आता मला पाहिलं की ते आधीच स्वच्छ पिशवी पुढे करतात. त्यांना आदल्या दिवशी सांगून ठेवलंत तर ताज्या कोंबडीची कातडी आणि पंजे बाजूला काढून ठेवतील. पंजांची नखं दुकानातच तोडून घ्या, घरच्या सुरीनं ते काम नीट होत नाही. बोनलेस मांडीचे दोन तुकडेही घ्या, ते वर ठेवायला.

बॉयलर कोंबडीची हाडं मऊ असतात आणि लवकर शिजतात. गावरान मिळाली तर स्वाद पुष्कळ वाढतो, पण मग वेळ वीसेक मिनिटं वाढवा.

किराणा मालात जपानी पद्धतीचा, नैसर्गिकरीत्या आंबवलेला सोया सॉस घ्या. याला पर्याय शोधू नका. देशी चायनीजसाठी मिळणारा काळा सोया सॉस बहुधा कॅरमेलनं काळा केलेला असतो, त्यानं सूप डांबरासारखं दिसतं आणि तोंडात कडवट चव राहते. बाटलीमागची यादी वाचा: पाणी, सोयाबीन, गहू, मीठ एवढंच असेल तर ती बाटली तुमची. मोठ्या शहरांतल्या सुपरमार्केटात आणि ऑनलाइन ती सहज मिळते. तिथेच कोम्बू मिळाला तर एक पाकीट घ्या. कोम्बू म्हणजे वाळवलेली जाड समुद्री वनस्पती. तिच्यावरच्या पांढऱ्या भुकटीला बुरशी समजून पुसू नका, त्यात चव असते.

या कोम्बूनंच १९०८ मध्ये टोकियोच्या इकेदा किकुनाए या रसायनशास्त्रज्ञाला उमामीचा, म्हणजे गोड-आंबट-खारट-कडू यांपलीकडच्या पाचव्या चवीचा, शोध लावून दिला. त्यातलं ग्लुटामेट हे चव देणारं द्रव्य वेगळं काढून त्यांनी या चवीला नाव दिलं. पुढे १९१३ मध्ये त्यांचे शिष्य कोदामा शिन्तारो यांना वाळवलेल्या बोनिटो माशात इनोसिनेट हे तसंच दुसरं द्रव्य सापडलं. चिकनमध्येही इनोसिनेट असतं. ग्लुटामेट आणि इनोसिनेट एकत्र आले की चव बेरजेनं वाढत नाही, कित्येक पट वाढते. म्हणून चिकनच्या सुपात कोम्बूचा एक तुकडा इतकं काम करतो. नाही मिळाला तर वाळलेले शिताके मशरूम दोन-तीन घ्या. तेही नसतील तर पाव छोटा चमचा अजिनोमोटो घाला. इकेदांच्या शोधातून १९०९ मध्ये विक्रीला आलेला पदार्थ तोच आहे, त्यात संकोच करण्यासारखं काही नाही.

आलं-लसूण पेस्ट, हळद, मिरी, तमालपत्र या वेळी डब्यातच राहू द्या. हात तिकडे जातो, माझाही जायचा. पण एक लवंग पडली तरी सूप बिर्याणीच्या यखनीकडे वळतं. यखनी फार सुंदर गोष्ट आहे, पण ती वेगळी.

आदल्या रात्री

अर्धा लिटर पाण्यात दहा ग्रॅम कोम्बू, म्हणजे साधारण तळहाताएवढा तुकडा, भिजत घाला आणि फ्रिजमध्ये ठेवा. उकळायचा नाही, उकळला की बुळबुळीत आणि उग्र होतो. शिताके असतील तर तेही याच पाण्यात.

सूप

पहिली पायरी हाडांच्या आंघोळीची. मोठ्या पातेल्यात हाडं आणि पंजे घाला, बुडतील एवढं गार पाणी ओता आणि मोठ्या आचेवर उकळी आणा. राखाडी-तपकिरी फेस वर येईल. पाच मिनिटं खळखळू द्या आणि ते सगळं पाणी ओतून द्या. मन होत नाही, कारण पाण्याला चिकनचा वास येत असतो. तरी ओता.

मग नळाखाली एकेक हाड हातात घेऊन धुवा. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना, बरगड्यांच्या खोबणीत काळपट लाल, स्पंजासारखे तुकडे चिकटलेले दिसतील. ते फुप्फुसाचे आणि मूत्रपिंडाचे अवशेष. अंगठ्याचं नख घालून ओढलं की निघून येतात. मानेच्या आतली गोठलेल्या रक्ताची दोरीही काढा. पंजांवर पिवळं पापुद्र्यासारखं सालपट राहिलं असेल तर ते आता मोज्यासारखं सोलून निघतं. या कामाला दहा मिनिटं लागतात. सुपाचा नितळपणा निम्मा इथेच ठरतो, आणि "चिकनला वास येतो" अशी ज्यांची तक्रार असते त्यांची तक्रारही इथेच मिटते. (कच्ची हाडं मात्र जोराच्या धारेखाली धुऊ नका. पाणी ओट्यावर उडतं, आणि त्याबरोबर जंतूही. उकळल्यानंतरच धुवा.)

आता कुकर. स्वच्छ हाडं आणि पंजे आत ठेवा आणि दीड लिटर गार पाणी घाला. पाच लिटरच्या कुकरमध्ये हे सगळं दोन-तृतीयांश रेषेच्या खाली राहायला हवं. वर गेलं तर हाडं कमी करा. कुकर काठोकाठ भरला तर फेस शिट्टीच्या नळीत अडकू शकतो. झाकण न लावता उकळी आणा, पुन्हा थोडा फेस येईल तो झाऱ्यानं काढा. मग रिंग नीट बसली आहे ना बघून झाकण लावा. वाफेची सरळ धार आली की शिट्टी ठेवा.

गॅस मोठा ठेवून कुकरजवळच उभं राहा. शिट्टी हलायला लागेल, सूं सूं आवाज येईल. ती उचलली जाण्याच्या बेतात असतानाच कुकर सगळ्यात लहान बर्नरवर सरकवा आणि गॅस अगदी बारीक करा. पहिली शिट्टी होऊन गेली तरी हरकत नाही, एका शिट्टीनं सूप बिघडत नाही. घड्याळ इथून सुरू करा: ५० मिनिटं.

बारीक गॅसवरही शिट्टी होत राहिली तर कुकरखाली जाड लोखंडी तवा ठेवा. पोळ्यांचा जुना, जड तवा उत्तम. आच पसरते, दाब स्थिर राहतो. उलट, आवाज पूर्ण बंद झाला असेल तर दाब उतरला आहे, गॅस किंचित वाढवा. कान देऊन ऐकायचा आवाज म्हणजे मधूनमधून येणारी हलकीशी सुस्कार. दोन-तीनदा केलं की तो आवाज ओळखीचा होतो, आणि मग शेजारच्या खोलीतूनही कळतं.

५० मिनिटांनी गॅस बंद. आणि आता सगळ्यात कठीण काम, म्हणजे काहीही न करणं. शिट्टी चमच्यानं उचलायची नाही, कुकर नळाखाली धरायचा नाही. तसं केलंत तर दाब एकदम पडून आतलं सूप उसळेल आणि तासाभराची शांतता वाया जाईल. शिवाय चरबीचं गरम पाणी नळीतून बाहेर फवारतं आणि चेहरा भाजतो. वाफ आपोआप जिरायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. तेवढ्यात तारे आणि तेल होऊन जातं.

झाकण उघडल्यावर एक हाड चिमटीत धरून दाबून बघा. सहज चुरडलं तर काम झालं. सूप फिकट सोनेरी दिसेल आणि वर पिवळा तवंग असेल. आता यात कांद्याच्या पातीचा हिरवा भाग, आल्याच्या चार चकत्या, सालासकट ठेचलेल्या लसणाच्या चार पाकळ्या घाला आणि झाकण न लावता अगदी मंद आचेवर वीस मिनिटं ठेवा. एखाददुसरा बुडबुडा, त्याहून जास्त नाही. ही आलं-लसूण मंडळी सुरुवातीपासून कुकरमध्ये घातली तर त्यांचा ताजेपणा मरतो आणि कांद्याचा उकडलेला गोडसर वास सगळ्यावर बसतो, म्हणून ती शेवटी. गॅस बंद केल्यावर कोम्बू काढून घेऊन त्याचं पाणी ओता.

गाळताना घाई करू नका. हाडं न हलवता डावानं वरचं सूप चहाच्या बारीक गाळणीतून किंवा ओल्या पंच्यातून गाळा. शेवटचं वाटीभर गढूळ सूप वेगळं ठेवा, ते भातात जाईल. हातात साधारण पावणेदोन लिटर सूप येतं.

तारे आणि तेल

तारे पाच मिनिटांचं काम आहे. १२० मिलिलिटर सोया सॉस, ३० मिलिलिटर मिरिन, म्हणजे स्वयंपाकात वापरायची तांदळाची गोड जपानी वाइन (नसेल तर तेवढंच पाणी आणि दोन छोटे चमचे साखर), भिजवलेल्या कोम्बूचा एक तुकडा. लहान भांड्यात कडेला बुडबुडे दिसेपर्यंत तापवा, खळखळा उकळू नका, गॅस बंद करून गार होऊ द्या. कोम्बू काढा. हे बाटलीत भरून फ्रिजमध्ये आठवडाभर सहज टिकतं, आणि दुसऱ्या दिवशी चव आणखी मिसळून येते.

तेल मला जास्त आवडतं. कातडीचे बोटभर तुकडे करा, जाड बुडाच्या कढईत घाला आणि तीन-चार मोठे चमचे पाणी ओता. हे पाणी महत्त्वाचं. ते आटेपर्यंत कातडी करपत नाही आणि चरबी हळूहळू सुटत जाते. मंद गॅसवर पंधरा-वीस मिनिटांत पाणी संपतं, कढईतला आवाज बदलतो. आधी बुडबुड असते, मग तळणीची बारीक चरचर सुरू होते. तेव्हा कांद्याच्या पातीचे पांढरे काप आणि लसणाच्या दोन पाकळ्या घाला. त्या सोनेरी झाल्या की लगेच गाळा. खाली पिवळंधमक, पारदर्शक तेल मिळतं. जपानीत त्याला चीयू म्हणतात, म्हणजे कोंबडीचं तेल. गाळणीत उरलेली कुरकुरीत कातडी मीठ भुरभुरून खा. ती जेवणाच्या ताटापर्यंत कधी पोचत नाही.

आपण रश्शावरच्या तर्रीला मान देतो. रामेनमध्ये तो मान या तवंगाला आहे. सूप झाकून ठेवतो, गरम राखतो आणि नाकाशी पहिला वास त्याचाच येतो. डाएटच्या नावाखाली हे वगळू नका, एका वाडग्यात एकच मोठा चमचा जातो.

अंडं आणि चिकन

फ्रिजमधली अंडी उकळत्या पाण्यात अलगद सोडा आणि साडेसहा मिनिटं मोजून काढा. लगेच बर्फाच्या पाण्यात टाका. सोलून निम्मं तारे आणि निम्मं पाणी अशा मिश्रणात चार-पाच तास बुडवून फ्रिजमध्ये ठेवा. पांढरं घट्ट आणि बदामी, बलक मधासारखा. लहान मुलं, गरोदर बाई किंवा वयस्कर कुणी जेवायला असेल तर मात्र त्यांची अंडी दहा मिनिटं उकडा, अर्धकच्चं देऊ नका.

मांडीचे तुकडे दोन चमचे तारे चोळून अर्धा तास ठेवा आणि तव्यावर झाकण ठेवून दोन्ही बाजूंनी नीट शिजवा. पाच मिनिटं थांबून मगच तिरपे काप करा.

कलेजी-पेटा आवडत असेल तर तोही चालतो. उत्तर जपानमधल्या यामागाता प्रांतात शिन्जो नावाचं गाव कोंबडीच्या कलेजी-पेट्याच्या रामेनसाठीच ओळखलं जातं. सोया सॉस आणि साखरेत शिजवून वर घाला.

शेवया

रामेनच्या शेवया पिवळसर, किंचित रबरी आणि सुपात न विरघळणाऱ्या असतात, त्याचं कारण अल्कली. जपानीत त्या क्षाराला कान्सुई म्हणतात. कल्पना आपल्याला नवी नाही, पापडाच्या पिठात आपण पापडखार घालतोच. मैद्यातली काही द्रव्यं अल्कलीत पिवळी होतात, म्हणून अंडं न घालताही रंग येतो.

पहिल्या वेळी शेवया घरी करू नका. सुपाकडे लक्ष द्या. सोपी युक्ती अशी: बारीक स्पॅगेटी किंवा साध्या वाळलेल्या गव्हाच्या नूडल्स घ्या. दोन लिटर पाणी उकळा, त्यात दोन मोठे चमचे खायचा सोडा घाला आणि त्यात शेवया उकळा. सोडा घातल्यावर पाणी भसकन वर येतं, त्यामुळे पातेलं निम्मंच भरलेलं हवं आणि सोडा थोडा थोडा घालायचा. पाकिटावर लिहिलेल्या वेळेच्या एक मिनिट आधी एक शेवई चावून बघा. दाताला थोडी अडायला हवी. निथळून गरम पाण्यातून एकदा काढा, नाहीतर सोड्याची साबणासारखी चव राहते.

दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला हात शिवशिवायला लागले तर: ४०० ग्रॅम मैदा, १६० मिलिलिटर पाणी, चार ग्रॅम मीठ आणि चार ग्रॅम भाजलेला सोडा. भाजलेला म्हणजे खायचा सोडा ओव्हनमध्ये १२० अंशांवर तासभर ठेवलेला, त्यानं त्याची अल्कली तीव्र होते. तो उघड्या हातानं धरू नका, त्वचा चुरचुरते. सोडा आणि मीठ आधी पाण्यात विरघळवा. पीठ फार कोरडं वाटेल, गोळा होणारच नाही असं वाटेल. पाणी वाढवू नका. झाकून अर्धा तास ठेवा, मग रेटून मळा आणि आणखी अर्धा तास ठेवा. शंकरपाळ्याच्या पिठापेक्षाही घट्ट असतं ते. पातळ लाटून, वर कॉर्नफ्लॉवर भुरभुरून, घडी घालून धारदार सुरीनं बारीक कापा. ताज्या शेवया दोन मिनिटांत शिजतात, त्यांना साधंच पाणी हवं, सोड्याचं नको.

वाढताना

इथे वेळेला किंमत आहे. गरम फुलका जसा माणूस पाटावर बसल्यावरच तव्यावर टाकायचा, तशा शेवया जेवणारे बसल्यावरच पाण्यात सोडायच्या. आधी सगळं हाताशी मांडा: अंड्याची दोन शकलं, चिकनचे काप, पातीचा कांदा अगदी बारीक चिरून, असेल तर नोरीचा, म्हणजे वाळवलेल्या समुद्री शेवाळाच्या कागदासारख्या पापुद्र्याचा, चौकोन.

वाडगे उकळत्या पाण्यानं गरम करून घ्या. थंड वाडग्यात सूप पहिल्या मिनिटातच कोमट होतं, ही मी सगळ्यात उशिरा शिकलेली गोष्ट. पाणी ओतून टाका. तळाशी दोन मोठे चमचे (३० मिलिलिटर) तारे आणि एक मोठा चमचा तेल घाला. त्यावर कडकडीत गरम सूप ओता, साधारण ३२० मिलिलिटर. ढवळा आणि चाखा. सूप एकटं प्यायला किंचित खारट लागायला हवं, कारण शेवया अळणी असतात. मग निथळलेल्या शेवया घाला, चॉपस्टिकनं किंवा काट्यानं एकदा उचलून घडी घातल्यासारख्या सरळ करा, वर सजावट ठेवा आणि लगेच पुढ्यात द्या.

खाताना भुरके मारायचे. जपानमध्ये रामेनच्या दुकानात हा आवाज सगळीकडून येत असतो आणि त्यात काही गैर मानत नाहीत. भुरक्याबरोबर हवा आत जाते, शेवई निवते आणि तेलाचा वास नाकापर्यंत पोचतो. फोटो काढायचाच असेल तर एकच काढा. पाच मिनिटांत शेवया फुगतात.

सूप गरम राहावं म्हणून शिकोकू बेटावरच्या कोची प्रांतातल्या सुसाकी गावानं वेगळाच तोडगा काढला आहे. तिथलं नाबेयाकी रामेन मातीच्या भांड्यातच शिजवतात आणि उकळत असतानाच समोर ठेवतात. सूप कोंबडीचं, वर अंडं आणि माशाच्या पिठाच्या नळ्या. घरात मातीचं लहान भांडं असेल, गॅसवर चालणारं, तर त्यात करून बघा.

वर घालायला आणखी काही हवं असेल तर आपल्याकडचे वास्ते, म्हणजे बांबूचे कोंब. जपानी रामेनवर मेन्मा नावाचे आंबवलेले बांबूचे कोंबच असतात. पावसाळ्यात कोकणात आणि पालघर-नाशिककडच्या बाजारांत वास्ते मिळतात. ते कच्चे कधीच वापरू नका. काप करून, पाणी बदलत दोनदा उकडून, मग थोड्या तिळाच्या तेलात आणि तारेमध्ये परतून घ्या.

पांढरं सूप हवं असेल तर

आता शिट्टीला मोकळीक द्या. हाडांच्या आंघोळीपर्यंत सगळं तसंच, पण पंजे दुप्पट घ्या आणि कुकरमध्ये कातडीचे काही तुकडेही टाका. दाबाखाली ७५ मिनिटं ठेवा, अधूनमधून शिट्टी झाली तर चांगलंच. वाफ मात्र इथेही आपोआपच जिरू द्या. मग झाकण काढून मोठ्या आचेवर वीस मिनिटं खळखळा उकळा आणि लाकडी डावानं हाडं ठेचत राहा. गाळून घेतल्यावर हँड ब्लेंडर एक मिनिट फिरवा. चरबी आणि जिलेटिन एकजीव होऊन सूप सायीच्या रंगाचं होतं. यात वरून तेल घालायची गरज नाही, ते आत आहेच.

उरलेलं

सूप कुकरमध्येच रात्रभर ओट्यावर ठेवू नका. आपल्या हवेत ते धोक्याचं आहे. पातेलं सिंकमध्ये गार पाण्यात ठेवून ढवळत निववा आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये टाका. दोन-तीन दिवस राहतं, फ्रीजरमध्ये महिनाभर. सकाळी डबा हलवून बघा. खरवसासारखं थरथरलं तर पंजांनी काम केलं. पाण्यासारखंच राहिलं तर पुढच्या वेळी पंजे वाढवा किंवा दहा मिनिटं जास्त द्या.

आणि ते शेवटचं वाटीभर गढूळ सूप? जपानी घरांत उरलेल्या सुपात भात घालून झोसुई करतात. सूप उकळा, पाण्यातून एकदा धुतलेला शिळा भात मूठभर घाला, चार मिनिटं मऊ होऊ द्या. एक अंडं फेटून वरून बारीक धारेनं सोडा, गॅस बंद करा आणि दोन मिनिटं झाका. वर चमचाभर तारे आणि पातीचा कांदा. तापातून उठलेल्या माणसाला मी हेच देते, फक्त त्याच्या वाडग्यात अंडं पूर्ण शिजू देते आणि तारे अर्धाच चमचा घालते.